मानसशास्त्रात यायचंय? आधी एवढं बघ

बी.ए. ला मानसशास्त्र घेतलंस, छान केलंस. पण पदवीवर कुणी समुपदेशनाला बसवत नाही, आणि बसवलं तरी तू बसू नकोस. समोरचा माणूस आपलं दुखणं विश्वासानं सांगत असतो.

पुढे दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. करावंच लागेल. ते नियमित कॉलेजातूनच कर. मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केलेत. जुन्या जाहिरातींना भुलू नकोस.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि औषधांविना उपचार करणारा तज्ज्ञ, व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तिथवर नेणारा आतापर्यंतचा नेहमीचा रस्ता म्हणजे एम.ए. नंतरचं दोन वर्षांचं एम.फिल.; पण त्याच्या प्रवेशांना यूजीसीनं २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली होती. बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था निम्हान्स, रांचीचं केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थान ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण. सध्या या अभ्यासक्रमांचे नियम बदलताहेत, म्हणून प्रवेशाआधी संस्थेची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपास. क्लासवाल्यांच्या शब्दावर विसंबू नकोस. औषधं मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच देतात.

आणि संख्याशास्त्राला घाबरून पळू नकोस! चाचण्यांचे गुण वाचता आले नाहीत, तर एखाद्या लेकराच्या कपाळी चुकीचा शिक्का बसतो. मराठीत ऐकायची सवय लाव. 'डिप्रेशन' म्हणत कुणी येत नाही. 'जीव रमत नाही', 'छातीत धडधडतं', 'डोकं जड पडतं' असंच सांगतात. सुट्टीत एखाद्या विशेष मुलांच्या शाळेत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मदतीला जा, तेही देखरेखीखाली.