‘सरमाउंट’ म्हणजे नेमकं काय? ‘ओव्हरकम’ असताना हा शब्द कशाला?

तुम्ही विचारलंय की ‘सरमाउंट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय, ते आलं कुठून आणि ‘ओव्हरकम’ असताना त्याची गरज काय.

अर्थ: अडचणीवर, अडथळ्यावर मात करणे. पण एवढ्यावर भागत नाही. मी परतवाड्याजवळच्या एका खेड्यात इंग्रजीची शिकवणी घेतो. मागे एका पोट्ट्याने डिक्शनरीत ‘वर चढणे’ एवढंच वाचलं आणि वहीत लिहून आणलं: ‘माय फादर सरमाउंटेड द बैलबंडी.’ मी लाल पेन उचलला तर म्हणतो, "बाबा चढलेच नं बंडीवर, मंग चुकलं कुठी?"

बंडीवर बसायला एवढा मोठा शब्द लागत नाही, हे त्याला सांगितलं. पण चढण्याचं त्याने बरोबर धरलं होतं. लॅटिनमध्ये ‘मॉन्स’ म्हणजे डोंगर. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये चढणे या अर्थी ‘माँते’ झालं, त्याच्या आधी ‘वर, पलीकडे’ सांगणारा ‘सुर’ लागला आणि चौदाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला. हा ‘सुर’ म्हणजे लॅटिनचा ‘सुपर’. सरप्लस, सरचार्जमधला ‘सर’ तोच. उशिरा भरलेल्या बिलात तो आपल्याला नेहमी भेटतो. आणि बिलातली ‘अमाउंट’? तीही डोंगराचीच लेक. मूळ अर्थ ‘वरच्या दिशेला’. आकडे चढत चढत जिथे पोचतात ती रक्कम.

म्हणजे ‘सरमाउंट’मध्ये अडथळा आडवा पडलेला असतो आणि त्याच्या माथ्यावरून पलीकडे जायचं असतं. आमच्या भागातलं उदाहरण देतो. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. दक्षिणेकडून उभा चढ, तिकडून जमण्यासारखं नव्हतं. म्हणून इंग्रज सेनापती वेलस्लीने त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनची फौज उत्तरेच्या बाजूला, लाबाडा गावाकडे पाठवली. जड तोफा डोंगरातून, वाट करत करत, माणसांनी ओढत नेल्या. 15 डिसेंबरला गड पडला. आता नीट बघा: डोंगर ‘सरमाउंट’ केला, पण गडावरच्या शिबंदीला हरवलं त्याला हा शब्द शोभत नाही. शत्रूला ‘ओव्हरकम’ करतात, ‘डिफीट’ करतात; ‘सरमाउंट’ अडचणीलाच.

मराठीचा मात्र डोंगरापेक्षा पाण्यावर जीव. संकटातून आपण तरून जातो, भानगड निस्तरतो, त्यातही तेच तरणं. काम तडीस नेतो, आणि तड म्हणजे काठ. पूर्णेला पूर आलेला ज्याने पाहिलाय त्याला हे समजवावं लागत नाही. भाषांतरात आपण ‘मात करणे’ लिहून मोकळे होतो, पण ही ‘मात’ बुद्धिबळाच्या पटावरची, फारसीतून आलेली. तिच्यात ना डोंगर, ना नदी.

‘सरमाउंट’चा आणखी एक उपयोग आहे, शाळेत सहसा कोणी सांगत नाही. एखाद्या वस्तूच्या माथ्यावर दुसरी वस्तू असणे. देवळाच्या शिखरावर कळस आहे, हे इंग्रजीत ‘सरमाउंटेड बाय अ कळस’ असं येतं. इथे लढाई नाही, मात नाही. कळस आपला नुसता वर बसलाय.

राहिला ‘ओव्हरकम’. हा इंग्रजीच्या घरचा, फ्रेंच येण्याआधीपासूनचा शब्द. रोजच्या बोलण्यात, भीती, सवय, आजार यांच्या बाबतीत हाच वापरा. ‘सरमाउंट’ जरा पुस्तकी वाटतो. पण ‘ओव्हरकम’ उलटतोही. ‘शी वॉज ओव्हरकम बाय ग्रीफ’ म्हणजे तिने दुःखावर मात केली नाही, दुःखानेच तिला गाठलं, ती पार कोलमडली. दहावी-बारावीची पोरं इथे हमखास फसतात. आणि तिथे जड शब्द हवा म्हणून ‘सरमाउंटेड’ लिहिलंत, तर दुःख बिचारीच्या डोक्यावर कळसासारखं बसेल.