आईच्या खात्यातून गेलेले सात हजार परत मागायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचक पुण्यात नोकरीला, आई गावी, सांगली जिल्ह्यात, वय ६१. आईचं एका खाजगी बँकेत सेव्हिंग खातं आहे, मिनिमम बॅलन्स ५,००० ठेवायचा. यावेळी गावी गेल्यावर पासबुक भरून आणलं तर कळलं की तीन वर्षांत मिळून ७,०९० रुपये वेगवेगळ्या नावांनी कट झालेत. ब्रँचवाले म्हणाले सिस्टीमने कापलेत, आमच्या हातात काही नाही. ओळखीच्या वकिलांनी नोटीस आणि केस मिळून १२,००० सांगितले. आता भांडायचं का सोडून द्यायचं?

तर माझं सरळ मत, भांडा, पण वकिलाला एक रुपया देऊ नका, आणि सगळ्या ७,०९० साठी सारख्याच जोराने भांडू नका. सात हजारासाठी बारा हजार घालवणं हा हिशोब बसतच नाही. पण सोडून देणंही मला पटत नाही कारण हे पैसे तुमच्या आईंचे आहेत, त्यांनी साठवलेले, आणि यातले बरेचसे बँकेने रिझर्व्ह बँकेचे नियम मोडून घेतलेले दिसतायत. तुम्ही स्टेटमेंट पाठवलंत हे फार बरं केलंत, त्यावरूनच बोलतो.

आधी गळती थांबवा, परताव्याचं नंतर बघू. आईंच्या सहीने ब्रँचमध्ये अर्ज द्या की हे खातं बेसिक सेव्हिंग खात्यात बदलून द्या. त्यात मिनिमम बॅलन्सची अट नसते, महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट असतं, आईंचा वापर बघता तेवढं पुरेसं आहे. फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं असेल तर ते बंद करावं लागतं. किंवा सरळ सरकारी बँकेत जा, स्टेट बँकेने तर मिनिमम बॅलन्सचा दंड मार्च २०२० मध्येच काढून टाकला. आणि त्याच अर्जासोबत मोबाईल नंबर बदलून घ्या, कारण तुम्ही लिहिलंय की आईंचा जुना नंबर बंद आहे आणि बँकेकडे अजून तोच आहे, तो तुमच्या बाजूचा एकमेव कच्चा दुवा आहे.

आता ७,०९० ची फोड. मिनिमम बॅलन्सचा दंड १४ वेळा २९५, म्हणजे २५० आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ४,१३०. विम्याचा हप्ता ४३६ तीनदा, १,३०८. डेबिट कार्डाची वार्षिक फी २३६ तीनदा, ७०८. एसएमएस चार्जेस ३५४. आणि फ्रीजचा हप्ता बाऊन्स झाला त्याचे ५९०.

सगळ्यात पक्की केस विम्याची आहे आणि तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलं नाहीये म्हणून मुद्दाम सांगतो. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. त्यात वयाच्या ५० पर्यंतच नाव घालता येतं आणि ५५ पर्यंतच कव्हर चालतं. तुमच्या आईंचं वय पहिला हप्ता कट झाला तेव्हाच ५८ होतं! म्हणजे पैसे घेतले आणि उद्या काही बरंवाईट झालं असतं तर क्लेम मिळाला नसता. आईंना कुणी विचारलंही नव्हतं असं तुम्ही म्हणता, तर बँकेकडे त्यांच्या सहीचा संमतीचा फॉर्म मागा, जन्मतारीख बँकेच्या केवायसीत आहेच. यावर बँकेकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही. मात्र २० रुपयांचा अपघात विमा दिसला तर तो बंद करू नका, तो ७० वर्षांपर्यंत चालतो आणि दोन लाखांचं कव्हर आहे.

दुसरी भक्कम गोष्ट मिनिमम बॅलन्सचा दंड. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं सर्क्युलर आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात लिहिलंय की बॅलन्स कमी पडला तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, एसएमएस, ईमेल, पत्र कशानेही, आणि बॅलन्स भरायला किमान एक महिना द्यायचा, मगच दंड. दंड किती, तर जेवढी रक्कम कमी पडली त्याच्या प्रमाणात. आणि निव्वळ दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये. आता तुमचं स्टेटमेंट बघा, एका महिन्यात सरासरी ४,४०० होती म्हणजे फक्त ६०० कमी, तरी २५०, आणि दुसऱ्या एका महिन्यात जवळजवळ सगळेच ५,००० कमी तरीही २५०च. हे प्रमाणात कुठे झालं? शिवाय एकदा दंड कापून बॅलन्स मायनस १८० दाखवलाय, ती ओळ हायलाइट करून तक्रारीला जोडा. बँक म्हणेल आम्ही एसएमएस पाठवले होते, तुम्ही नंबर बदलला नाही. म्हणू दे. कधी आणि काय पाठवलं त्याची नोंद मागा, पण तुमचा मुख्य जोर प्रमाण आणि मायनस या दोन मुद्द्यांवर ठेवा, ते एसएमएसवर अवलंबून नाहीत.

बाऊन्सचे ५९० याच्याशीच जोडलेत. हप्त्याच्या आदल्या दिवशी २९५ कापले नसते तर हप्ता गेला असता, तारखा शेजारीशेजारी आहेत. हे नीट लिहून मागा. आणि आईंचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जाचे हप्ते वेळेवर भरले की नाही याची नोंद, काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात तो हप्ता थकलेला दिसत असेल तर दुरुस्तीची मागणी पण करा, ते मला ५९० पेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरावर घ्यायचे असतात, ज्या तिमाहीत एकही व्यवहार नाही तिथले मागा, मिळाले तर मिळाले. कार्डाची फी मात्र सोडून द्या. कार्ड आईंनी घेतलंय, फी दरपत्रकात आहे, महाग वाटणं वेगळं आणि नियमबाह्य असणं वेगळं. ती मागितली तर बाकीची तक्रार उगाच पातळ होते. कार्ड लागत नसेल तर परत करून टाका.

पुढचा रस्ता. ब्रँचमध्ये तोंडी बोलून वेळ घालवू नका, मॅनेजर बिचारा खरंच फार काही करू शकत नाही. लेखी तक्रार द्या, आईंच्या नावाने आणि सहीने, एका पानात, तारीखवार तक्ता जोडून, आणि दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तीच तक्रार बँकेच्या वेबसाइटवरून टाकून नंबर घ्या. शेवटी स्पष्ट लिहा की इतकी रक्कम जीएसटीसकट परत हवी. ३० दिवस थांबा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करायची, सीएमएस नावाचं पोर्टल आहे, अडलं तर १४४४८ वर फोन करा. फी शून्य. वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत, म्हणून ते १२,००० या टप्प्यावर नुसते वायाच जाणार नाहीत, आडवे येतील. हाच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तरी लोकपाल हात लावत नाही, त्यामुळे क्रम चुकवू नका, आधी बँक, मग लोकपाल, मग आयोग. (खातं पतसंस्थेत असणाऱ्यांना हा रस्ता लागू नाही, पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत.)

ग्राहक आयोग, म्हणजे ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो, तो शेवटचा पर्याय. तिथेही पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, स्वतः उभं राहता येतं, २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे केस टाकता येते म्हणजे आईंसाठी सांगलीलाच, आणि त्यांच्या वतीने अधिकारपत्र घेऊन तुम्ही जाऊ शकता. पण कायद्यात काही महिन्यांत निकाल लिहिलेला असला तरी तारखा लांबतात, आणि प्रत्येक तारखेला पुणे ते सांगली हेलपाटा, गाडीभाडं, एक रजा. तुम्ही दिवसाची कमाई ९०० सांगितलीत, त्या हिशोबाने चार-पाच तारखांत रक्कम संपली. त्यात तिथे दोन वर्षांची मुदत असते, तुमच्या १४ पैकी नऊच दंड दोन वर्षांच्या आतले आहेत, म्हणजे २,६५५. म्हणून माझा सल्ला, आयोगात तेव्हाच जा जेव्हा लोकपालानेही काही दिलं नाही आणि क्रेडिट रिपोर्ट खराब झालेला आहे, कारण मग मुद्दा नुसत्या दंडाचा राहत नाही. नुसत्या पैशांसाठी मी जायला सांगणार नाही.

हातात किती येईल? विमा १,३०८, बाऊन्स ५९० आणि दोन वर्षांतले दंड २,६५५, म्हणजे साधारण साडेचार हजार मी धरून चालतो. जुने पाच दंडही मागा, पण ते आले तर वरकड समजा. खर्च म्हणाल तर झेरॉक्स आणि एक शनिवार, तोही पहिला, तिसरा किंवा पाचवा बघून, दुसऱ्या-चौथ्याला बँक बंद असते.

एक शक्यता आत्ताच सांगून ठेवतो. लोकपालाकडे तक्रार गेली की बँकेचा फोन येतो, सर अर्धे परत करतो, तक्रार मागे घ्या. अर्ध्यावर मानू नका. विमा, बाऊन्स आणि दोन वर्षांतले दंड एवढं देत असतील तर घ्या, बाकीसाठी ताणू नका. पण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय आणि क्रेडिट रिपोर्टबद्दल लेखी मिळाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका, आणि आईंना एकटीला ब्रँचमध्ये बोलावून सही मागितली तर त्यांना आधीच सांगून ठेवा की कागद मुलाला दाखवून मग सही करते.