कमी खर्चात, वेगवेगळ्या स्वादांचे चॉकलेट सिरप घरी कसे करावे? दाट येण्यासाठी कॉर्नफ्लोअर घातले तर चालते का?

आपण लिहिले आहे की घरात दोन मुले आहेत, महिन्याला सिरपच्या दोन बाटल्या संपतात, आणि कोको महाग असल्यामुळे तो निम्मा करून उरलेला दाटपणा कॉर्नफ्लोअरने आणावा असे आपल्याला कोणीतरी सुचवले आहे. स्वादांविषयी पुढे लिहितेच, पण आधी हे स्पष्ट सांगते की कॉर्नफ्लोअर घालू नका, एक चमचाही नको. या एका पिठापायी आमच्या घरात काही वर्षांपासून एक वाद चालू आहे आणि त्यात माझी बाजू कोणी पूर्ण ऐकून घेतलेली नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात, चरईत राहते. २०१९ च्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीने आनंदमेळा ठेवला होता आणि त्यात थंड चॉकलेट दुधाचा स्टॉल मी मागून घेतला होता. ग्लास वीस रुपयांचा, दीडशे ग्लासांचा अंदाज, आणि जमा होणारी रक्कम आमच्या इमारतीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी द्यायची असे ठरले होते. एका ग्लासाला दोन मोठे चमचे सिरप धरले तरी चार-साडेचार लिटर लागणार होते. थोरल्या वन्सं गौरींसाठी डोंबिवलीहून माहेरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, निम्मे मी करते. मला आनंदच झाला, कारण घरात गौरी असताना एकटीच्या हाताने एवढे उरकणे शक्य नव्हते.

माझे दोन लिटर आधी झाले. वन्संनी माझ्या कोकोच्या पुड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढा कोको कशाला ओततेस? साखरही केवढी ही! दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर लाव, दाट झाल्याशी कारण." मी म्हटले, "वन्सं, तीन दिवस ठेवायचे आहे." त्यावर त्यांनी मला सांगितले की त्या चाळीस वर्षे स्वयंपाक करत आहेत. मी गप्प बसले, आणि आजही मला वाटते की तिथे गप्प बसायला नको होते. त्यांनी निम्मी साखर, निम्मा कोको आणि कॉर्नफ्लोअर घालून दोन लिटर केले. दिसायला ते माझ्यापेक्षा दाट आणि चकचकीत होते, हे मी नाकारत नाही. फ्रीज फुलांनी, दूर्वांनी आणि नैवेद्याच्या दुधाने भरलेला होता, म्हणून दोघींचे डबे शेजारी शेजारी ओट्याच्या कडेला, एकाच हवेत राहिले.

रविवारी सकाळी मी आरतीत असताना माझ्या यजमानांनी दोन्ही डबे स्टॉलवरच्या मोठ्या पातेल्यात एकत्र ओतले. चाळीसेक ग्लास गेल्यावर एका लहान मुलीने ग्लास परत आणला आणि आंबट लागते असे सांगितले. मी चव घेतली आणि तिथेच स्टॉल थांबवला. सगळ्यांचे पैसे परत केले, उरलेले सगळे ओतून दिले. घरी येऊन पाहते तो वन्संच्या डब्याच्या बुडाशी बोटभर जाडीचा थर थरथरत होता, त्याला बुडबुड्यांनी जाळी पडली होती आणि त्याला इडलीच्या पिठासारखा आंबूस वास येत होता. माझ्या डब्याला आत नुसता चिकट तपकिरी ओघळ होता आणि त्याला कोकोचाच वास होता. मी कोणाला बोलावून हे दाखवीपर्यंत वन्संनी दोन्ही डबे नळाखाली धरले. त्या दिवसापासून आमच्या घरात "घरचे सिरप टिकत नाही" हे वाक्य म्हणीसारखे वापरले जाते. दोष कोणत्या डब्याचा होता हे विचारण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

आता कारण सांगते. सिरपला दाटपणा साखरेने आला तरच ते टिकते, कारण भरपूर साखर पाणी स्वतःशी धरून ठेवते आणि जंतूंना वापरायला ते उरत नाही. मुरांबा वर्षभर राहतो आणि खीर संध्याकाळपर्यंतच राहते, यामागचे कारणही हेच. कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्च. तो शिजला की फुगतो आणि कमी साखरेतही दाटपणाचा आभास निर्माण करतो, पण पाणी जंतूंसाठी मोकळेच राहते, शिवाय शिजलेला स्टार्च हे त्यांचे आयते अन्न होते. गार झाल्यावर त्याची खळ होते, ती खळ थंड दुधात विरघळत नाही आणि ग्लासात तिचे गोळे तरंगत राहतात. म्हणजे पैसे वाचवायला गेलेल्या माणसाचे दूधही वाया जाते.

२०२० च्या टाळेबंदीत मी जॅमच्या दोन बाटल्या उकळून, वाळवून घेतल्या, एकीत माझ्या प्रमाणाचे आणि दुसरीत वन्संच्या प्रमाणाचे सिरप भरले, दोन्हींवर पेन्सिलीने तारीख लिहिली आणि दोन्ही फ्रीजच्या एकाच कप्प्यात ठेवल्या. पाचव्या दिवशी कॉर्नफ्लोअरच्या बाटलीत वर पाण्याचा थर सुटला आणि नवव्या दिवशी कडेला पांढरी बुरशी दिसली. माझी बाटली पाच आठवड्यांनी संपली तोपर्यंत जशीच्या तशी होती. मी दोन्हींचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. वन्संचे उत्तर आले की फ्रीजमध्ये काय, सगळेच टिकते. दोन्ही बाटल्या फ्रीजमध्येच होत्या हे मी लिहिले, त्यावर मात्र उत्तर आले नाही.

माझे प्रमाण असे: ३०० ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम कोको, २४० मिलिलिटर पाणी, मोठी चिमूट मीठ आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. कोको बिनसाखरेचाच घ्या. ड्रिंकिंग चॉकलेट नावाने जे मिळते त्याच्या पाकिटावर घटकांच्या यादीत साखर बहुधा पहिली असते, आणि ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असा नियम असल्यामुळे, कोकोच्या भावाने आपण साखर विकत घेत आहोत हे तिथेच कळते. गडद रंग आणि कमी आंबटपणा हवा असेल तर अल्कलीची प्रक्रिया केलेला कोको पाहा. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत त्या अल्कलीचा ५०० किंवा ५०१ असा क्रमांक असतो. मी जांभळी नाक्याच्या बाजारातून अर्धा-अर्धा किलो आणते, कारण लहान डब्यांत तोच कोको बराच महाग पडतो.

कोको आणि साखर कोरडीच एकत्र चाळून घ्या. नुसता कोको पाण्यात टाकला की बाहेरून ओला होतो, आत कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात; साखरेचे दाणे मध्ये आले की कण सुटे राहतात. मग कढत पाणी थोडे थोडे घालत आधी शिऱ्यासारखा गोळा, मग लगदा, मग पातळ असे सैल करत न्या. पातेले दिसते त्याच्या तिप्पट मोठे घ्या, कारण कोको दुधासारखा उतू जातो. मंद आचेवर सहा-सात मिनिटे उकळताना कडेला लागलेली साखर ओल्या चमच्याने खाली ढकलत राहा. लिंबाच्या रसाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, त्यामुळे पुढे बाटलीत पाकाची परत साखर होत नाही; लाडवांच्या पाकात लिंबू पिळणाऱ्यांना हे सांगायला नको. पाक एकतारी होऊ देऊ नका, त्याच्या अलीकडे थांबवा. अंदाज येत नसेल तर रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवा. आतला ऐवज सुमारे ५५० ग्रॅमवर आला की गॅस बंद करा. त्या वेळी ते पातळच वाटेल आणि इथेच माणसाला कॉर्नफ्लोअर आठवते. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी ते चमच्यावरून धारेने पडेल.

खर्चाचा हिशेब मी मागच्या खेपेला मांडला होता: साखर १४ रुपये, कोको ८२ रुपये, बाकी किरकोळ धरून साधारण शंभर रुपयांत ५५० ग्रॅम. तेवढीच विकतची बाटली मला जवळपास दुप्पट किमतीला पडत होती. मध्यंतरी कोको फार महाग झाला होता हे खरेच. आयव्हरी कोस्ट आणि घाना येथील पीक घटल्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात त्याचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता, जो त्याआधी कित्येक वर्षे दोन-तीन हजारांच्या आसपास असे. तरीही काटकसर कोकोत करू नका. कोको निम्मा केला की मुले ग्लासात दुप्पट सिरप ओततात आणि बाटली आठवड्यात संपते. हे मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलेले आहे.

काटकसर करायची ती स्वादांत. प्रत्येक स्वादाची वेगळी बाटली विकत घेणे हा निव्वळ अपव्यय आहे. एकच मूळ सिरप करा, कोमट असताना त्याचे तीन भाग करा आणि स्वाद तेव्हा घाला, कारण सुवास उकळीबरोबर उडून जातो. एका भागात एक चमचा इन्स्टंट कॉफी चमचाभर कढत पाण्यात विरघळवून घाला. दुसऱ्यात संत्र्याची साल बारीक किसणीने किसून घाला, पण फक्त वरचा केशरी भाग; खालचा पांढरा थर कडू असतो आणि तो कडवटपणा साखरेने झाकत नाही. दहा मिनिटांनी गाळून घ्या. तिसऱ्यात वेलची आणि जायफळ घाला. थंड दुधात हा स्वाद विकतच्या कोणत्याही सिरपपेक्षा चांगला लागतो, हे माझे ठाम मत आहे. थंडीत सुंठ घातलेले सिरप गरम दुधात उत्तम लागते. ताजा पुदिना घालू नका, त्याची चव चटणीकडे झुकते. पुदिन्याचाच स्वाद हवा असेल तर पेपरमिंट इसेन्सचे दोन थेंब पुरतात. हेझलनटचे आपण विशेष विचारले आहे, पण तो मेवा इथे इतका महाग मिळतो की कमी खर्चाच्या प्रश्नात तो बसतच नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. उकळते सिरप काचेच्या थंड बाटलीत ओतू नका, तडा जातो. बाटली आतून पूर्ण कोरडी हवी आणि चमचाही कोरडा हवा. माझे दोन लिटर तीन दिवस बाहेर टिकले असले तरी आपण मात्र फ्रीजमध्येच ठेवा आणि महिन्याभरात संपवा. ठाण्याच्या पावसाळी हवेत फ्रीजबाहेर ठेवण्याची जोखीम मी स्वतः पुन्हा घेतलेली नाही. पाण्याऐवजी दूध वापरले तर हे काहीच लागू होत नाही, ते दोन दिवसांत संपवावे. कॉफीचे सिरप लहान मुलांना रात्री देऊ नये. स्ट्रॉबेरीच्या ताज्या फळाने पाणी वाढते, म्हणून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असताना तिचा गर वेगळा आटवून घ्यावा आणि लागेल तेवढ्याच सिरपात मिसळून तीन-चार दिवसांत संपवावा.

आणि ज्यांनी आपल्याला कॉर्नफ्लोअर सुचवले ते घरातलेच असतील आणि वडीलधारे असतील, तर त्यांच्याशी बोलून वाद घालू नका. त्यांच्या प्रमाणाची एक बाटली आणि या प्रमाणाची एक, दोन्हींवर तारीख लिहून एकाच कप्प्यात ठेवा, नवव्या दिवशी त्यांनाच झाकण उघडायला सांगा, आणि तोपर्यंत दोन्ही बाटल्या एका पातेल्यात ओतण्याची किंवा नळाखाली धरण्याची संधी घरात कोणालाही देऊ नका.