दोन एकरांत पेरू लावायचाय, सरदार घेऊ की तैवान पिंक?

तुमची जमीन मध्यम, विहिरीला एप्रिलनंतर पाणी कमी, आणि प्रश्न वाणाचा. वाणाचं सांगतो, पण त्याआधी रोपाच्या मुळ्या बघा.

आमची बाग राहात्याच्या बाजूला. पहिल्या लागवडीला मी रोपांची उंची आणि हिरवी पानं बघून गाडी भरली. सहा-आठ महिन्यांत झाडं पिवळी पडायला लागली. खत कमी पडलं म्हणून खत दिलं, मर, म्हणजे झाड वाळवणारा बुरशीचा रोग समजून मुळाशी बुरशीनाशक ओतलं. शेवटी एक झाड उपटलं, तर मुळ्यांवर हळकुंडासारख्या गाठी. सूत्रकृमी! म्हणजे मुळ्यांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी लावायला, काही रोपं विहिरीजवळ फरशीवर ठेवली होती. त्यांच्या पिशव्या फाडल्या, तर तिथेही त्याच गाठी. म्हणजे रोग पिशवीतल्या मातीतूनच रानात आला. ती बाग मला काढावी लागली, अजून जीव हळहळतो.

म्हणून रोपवाटिकेत कुठलीही आठ-दहा रोपं उचला, पिशवी फाडा, बादलीत मुळ्या धुऊन बघा. एका रोपाला जरी गाठ दिसली तरी गाडी रिकामी परत आणा. फाडलेल्या रोपांचे पैसे देऊन टाका, ते महाग नाही. तुमच्या रानात आधी टोमॅटो, वांगी, भेंडी असेल तर मातीही तपासून घ्या, कारण त्या पिकांवरही सूत्रकृमी येतो. खड्ड्यात शेणखताबरोबर निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी टाका, मधल्या पट्ट्यात झेंडू लावा.

पाण्याची काळजी वाटते तेवढी नाही. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात ठिबकने जगवावं लागेल, एवढं नक्की. पुढे मृग बहर, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा बहर धरा. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून बागेला ताण द्यायचाच असतो. पानगळ झाली की हलकी छाटणी, कारण पेरूला फूल नव्या फुटीवर येतं. पावसाबरोबर फुलं निघतात आणि फळ थंडीत हाती येतं. ते गोड असतं, पावसाळी फळापेक्षा त्याला फळमाशीही कमी.

याच हिशेबाने मी तुम्हाला सरदार सांगेन. एल-49, म्हणजे लखनौ-49 म्हणतात तोच. नावात लखनौ असलं तरी त्याची निवड 1927 मध्ये आपल्या पुण्यात, गणेशखिंडला झाली. तैवान पिंक लवकर फळतो, गुलाबी गराला गिऱ्हाईक आहे, पण तो जवळजवळ वर्षभर फुलत राहतो आणि उन्हाळ्यातही पाणी मागतो. अंतर 6 बाय 6 मीटर ठेवलं तर एकरी 111 झाडं बसतात. 3 बाय 2 वर 666 बसतात, पण मग दरवर्षी न चुकता छाटणी हवी.

एक विचारायचं राहिलं. फळ लिंबाएवढं झालं की प्रत्येकाला फोमची जाळी आणि वरून पिशवी घालायची असते. चांगला भाव त्याच डाग नसलेल्या मालाला मिळतो. हे काम हातानेच होतं आणि सगळ्या बागेचं एकदमच येतं. त्या दिवसांत तुमच्या गावात मजूर बाया मिळतात का, ते बघा. नसतील मिळत तर यंदा एकच एकर लावा.