पोटाच्या त्रासामुळे सतत मळमळतं, आता जेवायचीच भीती वाटते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय, 'एंडोस्कोपी नॉर्मल आली, म्हणून घरचे म्हणतात मनाचं आहे.' हे मी दोन वर्षं ऐकलंय, म्हणून लिहिते.

मला फंक्शनल डिस्पेप्सिया आहे. जठरात जखम नाही, गाठ नाही, पण त्याचं काम नीट चालत नाही. जेवण आत गेलं की जठराचा वरचा भाग सैलावून जागा करतो. माझा पुरेसा सैलावत नाही. चार घासांत पोट डब्ब, मग मळमळ, उमासे. दुर्बिणीतून हे दिसतच नाही. एवढं कळायला तिसरा डॉक्टर गाठावा लागला.

त्याच काळात भाच्याची मुंज होती. मी पानात नुसता वरणभात घेतला होता. मोठ्या जाऊबाई आग्रहाला आल्या आणि "एवढ्यानं काय होतंय गं, मुंजीचं आहे" म्हणत दोन जिलब्या वाढून गेल्या. पानात टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. अर्धी जिलबी खाल्ली आणि तोंडात पाणी जमायला लागलं, कपाळावर घाम आला. उठले, पण मोरीपर्यंत पोचले नाही. भरल्या पंगतीसमोर उलटी झाली. पाठीमागून जाऊबाईंचा आवाज आला, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत हिचे. सगळं मनाचं."

उलटी मी विसरले असते. ते वाक्य विसरता आलं नाही. पुढे कुणाकडे जेवायला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा यायचा. मग खाणंच कमी केलं. चार महिन्यांत ५४ किलोची ४६ झाले, आणि रिकाम्या पोटी मळमळ उलट वाढली.

अल्सरलाही कितीतरी वर्षं 'टेन्शनमुळे होतो' असंच म्हणत होते. अल्सर बहुतेकदा जठरातल्या हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूंमुळे होतो, हे कुणी मानत नव्हतं. १९८४ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल ते जंतू स्वतः प्यायले, त्यांच्या जठराला सूज आली, तेव्हा कुठे जग ऐकायला लागलं. २००५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तुमची हेलिकोबॅक्टरची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

खाण्याचं म्हणाल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा वाटीभर खा. तेलातुपानं जठर उशिरा रिकामं होतं. घट्ट जात नसेल त्या दिवशी पेज घ्या. अन्न थोडं निवू द्या, वास कमी येतो. घरात फोडणी पडत असेल तेव्हा स्वयंपाकघरात थांबू नका. ऑफिसात सगळ्यांसोबत डबा कसा खायचा ते मला सांगता येणार नाही, मी घरीच शिकवण्या घेते.

भीतीसाठी मी मानसशास्त्रज्ञाकडे गेले. आधी एकटीनं, मग एका मैत्रिणीसोबत, मग चौघांत, असं करत करत जेवायला बसले. मला त्याचा खूप उपयोग झाला. जाऊबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणतच होते." नाही. मनःस्थितीशी ज्याचं नाव जोडतात ते सेरोटोनिन हे रसायनसुद्धा शरीरात बहुतेक आतड्यात तयार होतं, मेंदूत नाही. भीतीनं पोट ढवळतं आणि पोट ढवळलं की भीती वाटते, दोन्ही शरीरातच घडतं. मळमळ खरी होती म्हणूनच भीती बसली. आधी काय झालं, मागून काय आलं, हे मला माहीत आहे, कारण ते माझ्या पोटात झालं.

घरच्यांना वाढू देऊ नका. आपलं ताट आपण वाढून घ्या. 'नको' एकदाच सांगा, कारणं देत बसू नका. यंदा अक्षय्य तृतीयेला आमरसाचा डाव पुढे आला तेव्हा मी वाटीवर हात आडवा धरला आणि तो काढला नाही.

एक राहिलंच. उलटीत रक्त, काळी शौच, गिळताना अडकणं किंवा माझ्यासारखं वजन उतरणं, यातलं काही असेल तर आधीचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी पुन्हा दाखवा. मेडिकलमधून डोमपेरिडोन ही मळमळीवरची गोळी आणून महिनोन् महिने घेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.