‘फीस्ट’ म्हणजे मेजवानीच का?

प्रश्न असा आला आहे: न्यूयॉर्कच्या जुन्या इटालियन वस्तीवरच्या लेखाचा अनुवाद करतोय. ‘फीस्ट ऑफ सान जेनारो’ला ‘सान जेनारोची मेजवानी’ म्हटलं तर चालेल का, की ‘जत्रा’ बरं?

मेजवानी नको. त्या दिवसांत मलबेरी स्ट्रीटवर सॉसेजचा आणि तळणीचा वास दरवळतो, त्यामुळे मोह होतो खरा; पण तिथे कुणी कुणाला जेवायला बोलावलेलं नसतं. १९ सप्टेंबर हा नेपल्सच्या या संताचा दिवस. तिकडून आलेल्यांनी १९२६ साली त्याचा उत्सव मॅनहॅटनच्या रस्त्यावर सुरू केला. त्यांचा शब्द ‘फेस्ता’. इंग्रजी ‘फीस्ट’ही त्याच लॅटिन मुळाचा, फ्रेंचमार्गे आलेला, जेवणावळ हा त्याचा दुसरा अर्थ.

याचं सख्खं भावंड आपल्याकडे आहे की! पोर्तुगिजांबरोबर आलेलं ‘फेस्त’. गोव्यात ३ डिसेंबरला ‘सायबाचं फेस्त’ म्हटलं की कुठल्या सायबाचं, हे विचारावं लागत नाही; साएब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. देवळाची जत्रा, चर्चचं फेस्त, अशी तिथे शब्दांची वाटणीच आहे. मी तरी ‘सान जेनारोचं फेस्त’ असंच लिहीन.

‘जत्रा’ मात्र सरसकट खोडू नका. मॅनहॅटनमध्येच, ईस्ट हार्लेमच्या इटालियन वस्तीत, १८८१पासून जुलैत माउंट कार्मेलच्या माउलीचा उत्सव होई; तिचं चर्च ११५व्या रस्त्यावर. बाया अनवाणी चालत येत, नवसाचे मेणाचे हातपाय वाहत. बांद्र्याच्या मोतमाउलीला हेच वाहतात, आणि तिची आपण जत्राच म्हणतो. हार्लेमच्या त्या चर्चमध्ये इटालियनांची प्रार्थना कित्येक वर्षं तळघरात चाले, वरचा भाग आयरिश-जर्मनांचा. माउलीची मूर्तीसुद्धा खालीच. आयरिश पाद्र्यांना ही रस्त्यावरची भक्ती फारशी रुचत नसे. तेव्हा मूर्ती बाहेर निघून रस्ताच देऊळ होतो, त्या वर्णनात ‘जत्रा’ खुशाल वापरा.

त्याच लेखात ‘पाएझानी’ हा शब्दही येईल. त्याला ‘देशबांधव’ करू नका. ‘पाएझे’ म्हणजे देश, तसंच गावही. मलबेरीवर नेपल्सकडचे, शेजारच्या एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे, असे हे लोक गल्लीगल्लीने वेगळे राहत. आपलं साधं ‘गाववाले’ तिथे चपखल बसतं.