पळणाऱ्या कैद्यावर गोळी झाडली तर पोलिसावर खुनाचा गुन्हा होतो का?

ताई, तुमचा भाऊ सातारा पोलीस मुख्यालयात नवा शिपाई आहे. 'कैदी पार्टी'ला लागलाय, कारागृहातून कैदी घेऊन कराड, वडूजच्या कोर्टात जातो. जुनी मंडळी त्याला सांगतात, "पळाला तर गोळी घाल, नाहीतर तूच घरी बसशील." खरंच गोळी घातली तर त्याचं काय होईल, असं तुम्ही विचारलंय.

साताऱ्यात २६ वर्षं फौजदारी वकिली करतोय. हा सल्ला ऐकला तर पोरगा आयुष्यातून उठेल.

नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम ४३ (जुन्या कायद्यातलं ४६) अटकेसाठी लागेल तेवढं बळ वापरू देतं. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमातून मिळत नाही, असंही तेच कलम बजावतं. इथे भलेभले चुकतात. त्यांना वाटतं, पळाला म्हणजे कैद्याचा गुन्हा मोठा झाला. तसं नाही. कायदेशीर कोठडीतून पळण्याला न्याय संहितेच्या (जुन्या दंडविधानाच्या जागी आलेला कायदा) कलम २६२ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आहे. मोटारसायकल चोरीतला कच्चा कैदी हात सोडवून धावत सुटला, तरी त्याच्यावरचा आरोप चोरीचाच राहतो. त्याच्या पाठीत गोळी घातली आणि तो मेला, तर समोर कलम १०३ उभं राहतं, म्हणजे खून. लोकसेवकाने वैर नसताना, सद्भावनेने, कर्तव्यासाठी गरजेचं समजून अधिकार ओलांडला, हे पटवता आलं तर तो सदोष मनुष्यवध ठरतो, कलम १०५. तिथेही जन्मठेप होऊ शकते.

आणि खुनाचा आरोपी पळाला तर? तेव्हा ती मनाई लागत नाही, पण मोकळं रानही मिळत नाही. गोळीवाचून इलाज नव्हता का, हा प्रश्न राहतोच. इशारा दिला होता का? चौघांनी धावून धरता आला नसता का? स्टँडवर गर्दी किती होती? शवविच्छेदनात गोळी पाठीतून शिरली की छातीतून, जखमेभोवती काळेपणा आहे का, हे बघितलं जातं. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कुठे पडल्या, फैरींचा हिशेब जुळतो का, हे पंचनाम्यात येतं. कैद्याने हत्यार हिसकावून रोखलं, तर स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे. पण तो पाठ फिरवून पळत असेल तर धोका कसला होता, हे कोर्टात पोलिसालाच दाखवावं लागतं.

'साहेबांनी सांगितलं होतं' हा बचाव चालत नाही. बनावट चकमकीच्या खटल्यात वरिष्ठांचा हुकूम ही सबब होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट म्हटलं. ते प्रकरण मुंबईतल्या २००६ च्या चकमकीचं. त्यात २०१३ मध्ये पोलिसांना जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर तर अशा प्रत्येक मृत्यूत गुन्हा नोंदवणं, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी ठरलेली आहे.

'पळाला' या शब्दावर आपल्याकडे लोकांचा विश्वास का उरलेला नाही, तेही भावाला माहीत हवं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत कोठडीतल्या एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव रचला, असा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. त्या मुलाच्या घरच्यांचा विचार आला की अजून पोटात कालवतं.

आता भावाला ज्याची भीती वाटते ते बघू. पोलिसाच्या निष्काळजीपणाने कैदी निसटला तर न्याय संहितेचं कलम २६१, जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय खात्याची चौकशी. माझ्या एका पक्षकाराचा कैदी एसटी स्टँडवरून पळाला. पक्षकार निलंबित झाला, एक वेतनवाढ रोखली गेली. घरात दोन वर्षं नीट जेवण गेलं नाही कुणाला. पण आज तो हवालदार आहे, मुलगी कॉलेजला जाते.

म्हणून त्याला एवढं सांगा. निघण्याआधी प्रत्येक कैद्याच्या वॉरंटवरचं कलम वाचायचं. माणसं कमी दिली असतील तर तशी डायरीत नोंद घ्यायला लावायची. सराईत, आधी पळालेला किंवा खुनाचा आरोपी असेल तर कोर्टात हजर करताना बेडी घालायची मुभा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये आहे, ती वापरायची. एवढं करूनही कैदी सुटला, तर ताबडतोब नियंत्रण कक्षाला कळवून नाकाबंदी मागायची. नंतर नोटीस आली तर कागद घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. फीचं मनात आणू नका.